जिन्याचं वळण

खुर्ची वळणावर अडकली ती अडकलीच. खालून अॅम्ब्युलन्सवाला तातडी ओढत होता, वरून दादा आणि शेजारचा पहिलवान धरून सैल सोडत होते, आणि मधे, पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेले आबा डोळे मिटून बसले होते. खुर्चीचा एक दांडा उजव्या भिंतीला लागला, दुसरा डाव्या. तातडीने आणखी एक हिसका दिला आणि आबांच्या तोंडून आवाज निघाला. त्या घरात तो आवाज आधी कुणी ऐकला नव्हता. पायाच्या बोटांवर धोंडा पडला तेव्हाही आबांनी आधी धोंड्याचा कोपरा शाबूत आहे का ते पाहिलं होतं.

"थांबा," वरच्या पायरीवरून सिस्टर म्हणाली. "सगळे थांबा. ओढू नका."

सिस्टर म्हणजे आबांची मुलगी, खालच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डची मुख्य नर्स. नोकरी लागली त्या दिवसापासून अख्खं गाव तिला सिस्टर म्हणतं. दादाही म्हणतो, आणि वर सांगतो की गावात या शब्दाचा खरा हक्क माझा एकट्याचाच आहे. पहिलवान हा जोराच्या वाऱ्यात घराबाहेर पडू नये असा माणूस. तातडी हा अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, आणि त्याला घाई करताना अजून कुणी पाहिलेलं नाही. अशा फौजेच्या बळावर सिस्टरने बापाला खाली न्यायचा बेत आखला होता.

खुर्ची जशी आली तशी मागे घेत घेत वर नेली. आबांना पुन्हा खाटेवर निजवलं. सिस्टरने दुखऱ्या पायाचं पाऊल हातात धरून नाडी पाहिली, पायाखालची उशी सारखी केली, घाम पुसला. पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता आणि बाहेरच्या बाजूला पडला होता. असे पाय तिने शेकड्यांनी पाहिले होते. खुब्याचं हाड मोडलं की पाय असाच पडतो, त्याला फोटोसुद्धा लागत नाही. ऑपरेशन वेळेत झालं तर म्हातारं माणूस काठी धरून चालायला लागतं. नाही झालं तर ते निजूनच राहतं, आणि मग फार दिवस राहत नाही. सर्जनने तिच्या शब्दाखातर उद्या सकाळची वेळ काढून ठेवली होती, आणि परवापासून ते मोठ्या रजेवर जायचे होते. म्हणजे आबा आज संध्याकाळी वॉर्डात पोचायलाच हवे होते.

आणि आबा वरच्या खोलीत होते, आणि जिना अरुंद होता. सगळं घोडं इथेच अडलं होतं.

चूक तिचीच होती असं सिस्टरला वाटत होतं. खुर्ची घडी घालून वर आणली, त्यामुळे ती उघडल्यावर वळणातून जाईल की नाही याचा विचारच कुणी केला नाही. लोकांना चौथ्या मजल्यांवरून, पोटमाळ्यांवरून, एकदा तर पाण्याच्या टाकीवरून खाली आणलेली बाई ती. कनिष्ठ नर्सना ती स्वतः शिकवत असे, आधी वाट बघा, मग पेशंटला हात लावा. बाप पेशंट झाला आणि पहिला धडाच ती विसरली.

मग चादरीचा प्रयोग झाला. चादरीच्या झोळीत आबांना घेऊन चौघं वळणापर्यंत आले, पण तिथे आबांना कमरेत वाकवल्याशिवाय पुढे जाता येईना. वाकवायला गेले तशी आबांनी सिस्टरचं मनगट धरलं. हात गवंड्याचा, साठ वर्षं दगड धरलेला. मनगटावर बोटांचे ठसे उमटले. पहिलवान म्हणाला, मी पाठुंगळीला घेतो. त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही, आणि त्यावरूनच वेळ कशी आली होती ते कळावं. आबांच्या एका मांडीत पहिलवान दोनदा मावला असता.

खिडकी होती, पण तिच्यातून डोकं बाहेर काढून खाली कोण आलंय ते बघता येईल एवढीच. छप्पर दगडी फरश्यांचं, एकेक फरशी दाराएवढी. राहिली ती बाहेरची भिंत.

"भिंत उघडायची," सिस्टर म्हणाली. "खिडकीच्या बाजूने. आबांना झोळीतून सरळ खालच्या अंगणात उतरवू."

दादा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने डोंगरच जरा बाजूला सरकवायला सांगितलंय.

त्याचंही बरोबर होतं. हे गाव डोंगराच्या कुशीत वगैरे नाही, डोंगराच्या पाठीवर आहे, आणि कधी घसरून खाली येईल याचा नेम नाही असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. भिंती दगडाच्या, छपरं दगडाची, गल्ल्या म्हणजे दगडाच्या पायऱ्या. चाक असलेली वस्तू वर येत नाही, म्हणून अॅम्ब्युलन्सही खाली सडकेवरच उभी होती. शेकडो वर्षांत इथे कुणी चुना वापरला नाही, दगडावर दगड नुसता बसवला, आणि बसवणाऱ्यांचं नामोनिशाण उरलं नाही तरी दगड जागच्या जागी आहेत. म्हणून सरकारने गाव जपायला घेतलं आहे. दादाच्या दारावरही पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'येथे आजही कुटुंब राहते.' त्यामुळे येणारे बघे आत डोकावून तशी खात्री करून घेतात. दादाचं पोट त्या बघ्यांवरच चालतं. तो त्यांना गाव दाखवतो आणि दगडांविषयी फार सुंदर बोलतो. आबा म्हणायचे, आमच्या पोराला दगड बोलता येतो, बसवता येत नाही.

त्याने वारसा कार्यालयाला फोन लावला. पलीकडचे साहेब अत्यंत सौम्य होते. त्यांनी आबांच्या प्रकृतीची चौकशी केली, त्यांच्या स्वतःच्या आईचंही असंच झालं होतं ते सांगितलं. मग म्हणाले, बाहेरच्या भिंतीचा दगड हलवायचा तर समिती बसावी लागते, आणि समिती पुढच्या महिन्यात बसते. दादाने विचारलं, तोवर माणसाचं काय करायचं? साहेब म्हणाले, माणसांबाबत आमच्याकडे काही तरतूद नाही. हे ते खरोखरच वाईट वाटून म्हणाले, त्यामुळे त्यांच्यावर ओरडताही येईना.

एवढ्यात खालून टोपीवाल्या बघ्यांचा घोळका आला. तातडी अंगणातल्या बाकावर रिकामी खुर्ची शेजारी ठेवून बसला होता, पहिलवान कंबर चोळत होता, वरून कण्हण्याचा आवाज येत होता. एका बाईने अदबीने दादाला विचारलं, हे रोज किती वाजता असतं?

आयुष्यात पहिल्यांदाच दादाला बघ्यांशी काय बोलावं ते सुचलं नसावं. वहिनी बाहेर आली आणि तिने हात जोडून सगळ्यांना वाटेला लावलं.

सिस्टर वरच होती. तिला काही सुचेनासं झालं की ती आवराआवर करायला लागे. औषधांच्या पट्ट्या रांगेत लावल्या, पाण्याचा तांब्या झाकला, आबांचं धोतर घडी करून कपाटात ठेवायला गेली. आणि कपाटाचं दार हातात धरून तशीच उभी राहिली.

कपाट लाकडी, अखंड, जुन्या पद्धतीचं. खिळे नाहीत, जोड उघडत नाहीत. खुर्चीहून रुंद, आबांहून रुंद.

वहिनी चहा घेऊन वर आली तेव्हा सिस्टरने विचारलं, "वहिनी, हे कपाट वर कसं आणलं?"

"जिन्याने," वहिनी म्हणाली. "माझ्या लग्नातलं ना ते. चौघांनी आणलं. तुम्हीच तर पुढे उभ्या राहून ओरडत होतात, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या."

सिस्टरला आठवलं. ती तेव्हा शाळेत होती, आणि कपाटाला ओरखडा न येता ते वळणावरून गेलं म्हणून सगळ्यांनी तिलाच शाबासकी दिली होती. आज सकाळी जिना चढताना तो तिला अंगाला घासल्यासारखा वाटला होता. तिने मनाशी म्हटलं होतं, लहानपणी सगळंच मोठं दिसतं. शिवाय वयाबरोबर आपणही काही कमी रुंदावलो नाही. मागच्या दोन वर्षांत ती फक्त एकदा आली होती, तीही धावतपळत, खालच्या खालीच.

ती चहा तसाच ठेवून उठली आणि मोबाईलचा उजेड घेऊन जिन्यात उतरली.

वळणाच्या डाव्या अंगाला भिंत होती, पण ती जुन्या भिंतीसारखी काळी नव्हती. दगड स्वच्छ होते, कडा ताज्या. भिंत पायरीपासून उठून डोक्याच्या वर गेली होती आणि छताच्या हातभर खाली थांबली होती. बसवणी इतकी देखणी की बघ्यांना दाखवावी. सिस्टरने पायरीवर उंच होऊन त्या वरच्या फटीतून हात आत घातला. आत पोकळी होती. कोपरापर्यंत हात गेल्यावर बोटांना मागची जुनी भिंत लागली. तिच्यावरून तिने तळवा फिरवला. भिंत सरळ होती, गार आणि सपाट.

"ही भिंत कधी बांधली?" तिने वहिनीला विचारलं.

वहिनीने सांगितलं की आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. आबांचं म्हणणं पडलं, जिन्यातल्या भिंतीला पोट आलंय, पावसाळ्यात अंगावर येईल, आतून आधार द्यायला हवा. गुडघे दुखत होते तरी एकट्याने बांधली. दिवसाला चार-पाच दगड लावायचे, मग बसून राहायचे. पावसाळा लागला तसे म्हणाले, खाली ओल आहे, माझं अंथरूण वर न्या. काही दिवस ते सावकाश खाली येत, अंगणात बसत. मग गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून वरच होते. मागच्या आठवड्यात खिडकीशी जाताना पडले.

सिस्टर गवंड्याची मुलगी होती. हॉस्पिटलच्या वासाखाली ती गोष्ट बरीच वर्षं दडून राहिली होती, पण तिला एवढं नक्की माहीत होतं की टेकू दिला तर तो टेकला पाहिजे. ही भिंत मागच्या भिंतीला शिवतही नव्हती. तिने कशालाच आधार दिला नव्हता. तिने फक्त जिना अरुंद केला होता.

दादाला तिने खालून हाक मारून बोलावलं आणि त्याचा हात धरून फटीत घातला. दादाचा चेहरा आधी कोरा होता. मग तो पायरीवर बसला.

"दगड मीच वाहून दिले," तो म्हणाला. "खाणीपासून. एकेक करून. ते म्हणाले पोट आलंय, मी म्हटलं आलं असेल. आबा भिंतीबद्दल बोलतात म्हटल्यावर विचारायचं काय?"

त्या घरात कुणीच विचारलं नसतं. स्वयंपाकात आईला आणि दगडात आबांना विचारायचं नसतं, असं त्या घरात दोघं भावंडं शिकली होती.

दादाच्या मग ध्यानात आलं की ही भिंत घराच्या आत आहे, नवी आहे, आणि तिच्यासाठी कुठली समिती बसवावी लागत नाही. तो उभाच राहिला. दोन तासांत उतरवू, म्हणाला, पहिलवानाच्या घरी पहार आहे. आणि पहिलवानाला घेऊन तो धावत गल्लीत निघून गेला. हातात करण्यासारखं काही आल्याने दादाची पाठ एकदम सरळ झाली होती.

सिस्टर वर गेली आणि खाटेच्या कडेवर बसली. आबांनी डोळे उघडले.

"त्या भिंतीला पोट कुठे होतं, आबा?"

आबा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सापडलं वाटतं. तुझ्या भावाने त्याच वळणावर रोज लोकांचे फोटो काढलेत. त्याला नाही सापडलं."

"का केलंत असं?"

"तुझ्या आईला नेलं तो दिवस आठवतो?"

तिला आठवत होता. आणि वाईट हे, की तो तिला अभिमानाने आठवत होता. आईला धाप लागल्याचा फोन आला आणि ती अॅम्ब्युलन्स सडकेपर्यंत आणून दोन तासांत दारात हजर झाली होती. आई तेव्हा याच खोलीत निजत असे. खुर्चीत बसवलं, पट्टे लावले, आणि आई जिन्यातून, गल्लीतून, सडकेवर अशी गेली की धक्का म्हणून लागला नाही. दुपारपर्यंत ती अतिदक्षता विभागात होती. पुढे सिस्टरने तो प्रसंग नव्या मुलींना शिकवताना सांगितलाही होता, नाव न घेता, पेशंट कसा हलवावा याचा नमुना म्हणून. त्यानंतर आई तीन आठवडे काचेच्या दाराआड होती. तोंडात नळी होती. आबा बाहेर बाकावर बसून असत, आणि गणवेशातली सिस्टर त्यांना सांगत असे की आत संध्याकाळी एकालाच सोडतात, तेही थोडा वेळ. नियम म्हणजे नियम. स्वतःच्या बापासाठी मोडला तर बाकीच्यांना काय सांगायचं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभा होतो," आबा म्हणाले. "मला वाटलं, वळणावर जरा अडेल. अडलं की सगळे थांबतील. तेवढ्यात तिला विचारतो, तुला जायचंय का. पण अडलंच नाही. माझ्या अंगावरून गेली ती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि गेली."

खाली अंगणात तातडीने किती वाजले ते विचारलं. वहिनीने सांगितलं.

"मग वळण अडेल असं करून ठेवलं," आबा म्हणाले. "दुसरं काय करणार मी? मला भिंतच बांधता येते."

सिस्टर बोलायला लागली. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते त्या आवाजात तिने सुरुवात केली. आईचं दुखणं वेगळं होतं, हे साधं ऑपरेशन आहे, तासाभराचं, आठवड्यात घरी. बोलता बोलता तो आवाज तिला सोडून गेला. मग नातेवाइकांना ती कधी सांगत नाही ते तिने सांगितलं. निजून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, त्या हाडापर्यंत जातात. छातीत कफ साठतो. कूस बदलताना दर वेळी आत्ता झालं तसंच दुखतं. त्या जखमांचा वास कसा येतो ते तिला माहीत होतं, आणि तो वास आपल्या बापाच्या अंगाला यावा हे तिला सहन होणार नव्हतं. हेही तिने सांगितलं. सांगताना ती रडली, आणि गणवेशात नसल्यामुळे तिला ते थांबवता आलं नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "फार दिवस चालतं?"

"नाही," ती म्हणाली.

"हं."

"आणि नंतर?" ती जवळजवळ भांडणाऱ्या आवाजात म्हणाली. "नंतर तुम्हाला न्यायचं कसं, त्याचा विचार केलात?"

"नंतर भिंत काढा की. म्हणून तर नुसती रचलीय, मागे भरलीसुद्धा नाही. तेव्हा कुणाला घाई नसते."

"मग आत्ताच काढते मी."

"काढ," आबा म्हणाले. "मला उठून अडवता येतंय थोडंच."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. नाही म्हणणाऱ्या पेशंटला कसं वळवायचं ते तिला येत होतं, त्यात तिचा हातखंडा होता. पण ते नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत, आणि पुन्हा छताकडे बघायला लागले. तिला त्यांचा राग आला. इतका राग तिला आईच्या मरणाचाही आला नव्हता. ती उठली आणि जिन्यात उतरली.

दादा अजून आला नव्हता. गल्लीतून पहारीचा आवाज येतोय का याचा तिने कानोसा घेतला. मग तिला वाट बघवेना. समोर छातीच्या उंचीवर एक दगड जरासा पुढे आलेला होता. तिने मोबाईल पायरीवर ठेवला, दोन्ही हातांनी तो दगड धरला आणि ओढला. तो हलला नाही. तिने पाय पायरीच्या कडेला रोवला आणि पुन्हा ओढला. आत कुठेतरी खडी सरकली, आणि भिंतीतून एक बारीक, कोरडी करकर निघाली.

"मधला नको!"

आबांचा आवाज वरून आला, मघाच्या ओरडण्याइतकाच मोठा. तिचे हात तिथेच थांबले.

"मधला ओढलास तर सगळी अंगावर येईल. सोड तो. आधी सोड."

तिने सोडला.

"सोडलास?"

"हो."

"वरून सुरू कर. वरच्या पायरीवर उभी राहा, म्हणजे काही सुटलं तर तुझ्या खालून जाईल. टोकाचा चपटा दगड आहे बघ, उजव्या हाताला. आधी त्याच्या खालची कपची काढ. बोटं खाली घालू नकोस."

आवाज एकसारखा येत होता, धाप न लागता. लहानपणी ती डबा घेऊन कामावर जायची, तेव्हा ते हाताखालच्या माणसांशी असेच बोलायचे. ती वरच्या पायरीवर गेली. कपची नखाने सैल केली, ती निघाली. चपटा दगड थोडा डुलला. तिने तो दोन्ही बाजूंनी धरून उचलला. वाटला होता त्याहून जड निघाला. तो पोटाशी धरून ती जिन्यात उभी राहिली.

पुढे काय करायचं ते आबा सांगतील म्हणून ती थांबली. वरून काही आलं नाही. तिच्या एका हाताला पायऱ्या होत्या, दुसऱ्या हाताला भिंत. दगड टेकवायला कुठे जागा नव्हती. हात भरून आले. आबांनी हा दगड दुखऱ्या गुडघ्यांनी इतक्या उंच चढवला होता, आणि आत्ता तो काढायचा कसा हे तेच सांगत होते, तिला लागू नये म्हणून. तिने आईला इतक्या हलक्या हाताने नेलं होतं की कुणाला काही विचारायला जागाच उरली नव्हती. आता जागा होती. हा दगड जड होता आणि दादा अजून आला नव्हता, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"आबा," ती म्हणाली. "हा कुठे ठेवू?"

तिने दगड पोटाशी आणखी घट्ट धरला.

"होता तिथे," आबा म्हणाले.

तिने दगड वर उचलला. पहिल्यांदा तो नीट बसला नाही, डुलत राहिला.

"फिरव त्याला," वरून आवाज आला. "तुझ्याकडची बाजू भिंतीकडे कर."

तिने फिरवला. कपची पुन्हा खाली सरकवली. दगड बसला.

तेवढ्यात दादा पहार घेऊन धापा टाकत आत आला, मागून पहिलवान. वळणावर सिस्टरला बघून तो थांबला. तिचे हात धुळीने पांढरे झाले होते.

"कुठून सुरू करायचं?" त्याने विचारलं.

"तातडीला सांग, निघा म्हणावं," ती म्हणाली. "आणि हॉस्पिटलात सांगायला सांग, सिस्टर रजेवर आहे."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग वर खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग तो पहार हातात घेऊनच बाहेर गेला, आणि पहिलवान त्याच्या मागे गेला. अंगणात तातडीने खुर्चीची घडी घातल्याचा आवाज झाला.

सिस्टर खाली उतरून मोरीवर गेली. तिने कोपरापर्यंत हात धुतले, वॉर्डात धुते तसे, बोटांच्या बेचक्यांतून. वहिनी दाराशी येऊन उभी होती.

"वहिनी, घरातली जुनी, मऊ कापडं काढून ठेवा," सिस्टर म्हणाली. "साड्या, धोतरं, काय असेल ते."

"किती लागतील?"

"असतील तेवढी."